कानातल्यांबरोबर एक चिठ्ठीही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर अशी ठिकठिकाणी प्रदर्शने भरतात. ‘हाताने घडवलेली चांदीची कानातली, अस्सल खडे’ ही पाटी त्यांत हमखास असते. पाटीखालच्या मालात बऱ्याचदा चांदीच नसते, खड्यांमध्ये काच निघते, आणि दोन्ही खरे असले तर महिन्याभरात कानात अडकवायचा आकडा सरळ होतो किंवा कुडीची दांडी वाकते. मग गिऱ्हाईक सगळ्यांनाच एका मापाने मोजते: हातचे काम टिकत नाही. टिकते, पण ते कशाचे आणि कसे केले आहे हे विकणाऱ्याला सांगता आले पाहिजे. म्हणून आमची मागणी आधीच मांडतो. प्रत्येक जोडीबरोबर धातू, दांडीची किंवा आकड्याची जाडी, चांदीचे वजन, खड्याचे खरे नाव आणि त्यावर केलेली प्रक्रिया लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि आयोजकांनी त्याशिवाय कोणाला टेबल देऊ नये. चिठ्ठी लिहायला बसले की करणाऱ्याला काय काय ठाऊक हवे हे आपोआप समोर येते.

आधी धातू. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. त्यात चांदी औषधालाही नसते. घामात निकेल थोडे थोडे सुटते आणि भोकाशी खाज, पाणी येणे, खपली धरणे असा त्रास ज्यांना व्हायचा त्यांना होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर तो लवकर होतो. युरोपात भोकात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमहून कमी निकेल सुटले पाहिजे, असा नियम आहे. आपल्या बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ (मुद्दाम काळवलेला) एवढेच सांगून माल खपतो. तो काळा रंग चांदीवरही चढतो आणि जर्मन सिल्व्हरवरही, त्यामुळे रंगावरून काहीच ठरत नाही. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, कारण जर्मन सिल्व्हर सहसा त्याला चिकटत नाही.

पाण्यातले वजन मात्र घरी करता येते. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पेल्यात पाणी आणि साबणाचा एक थेंब टाकून पेला काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. आता 10 ग्रॅम तारेची गुंडाळी बारीक दोऱ्याला बांधून, तळाला वा काठाला न टेकवता, पूर्ण बुडेल अशी पाण्यात धरा. काटा बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो; 925 चांदीची (हजारात 925 भाग चांदी) घनता घन सेंटिमीटरला सुमारे 10.36 ग्रॅम असल्याने ते 0.97 ग्रॅमच्या आसपास येते. जर्मन सिल्व्हर किंवा मुलामा दिलेले पितळ 1.15 किंवा त्याहून जास्त दाखवते. तारेला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि चांगली चांदीही खोटी ठरते. साबणाचा थेंब त्यासाठीच. खडा बसवलेल्या दागिन्यावर ही परीक्षा चालत नाही. ती माल घेतानाच करायची.

‘925’ हा ठसा कुणीही मारू शकतो, त्याला हॉलमार्क (शुद्धतेची अधिकृत खूण) समजू नये. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाची (प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाची) पद्धत लागू झाली. सुरुवात ऐच्छिक ठेवली होती, तरी ज्या दागिन्यावर तो क्रमांक आहे त्याची खातरजमा ‘बीआयएस केअर’ या अॅपवर करता येते. घरगुती कारागिराकडे हॉलमार्क नसेल तर चिठ्ठीवर तसे लिहावे आणि तार-पत्रा कोणत्या शुद्धतेचा म्हणून विकत घेतला त्याचे बिल जपावे.

तारेच्या जाडीवरून होणारे नुकसान सगळ्यात जास्त आणि सगळ्यात टाळता येण्याजोगे आहे. मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओत आकड्यासाठी 20 गेज तार सांगतात. ते अमेरिकी गेज. त्याची जाडी 0.81 मिलिमीटर. आपल्या दुकानात 20 गेज मागितली की बहुधा ब्रिटिश मापाची तार हातात पडते, ती 0.91 मिलिमीटर. पुष्कळ बायकांच्या भोकात ती सहज जात नाही आणि रेटली की दुखते. शिवाय चांदीही जास्त लागते: 0.8 ची एक मीटर तार सुमारे 5.2 ग्रॅम भरते, 0.91 ची 6.8 ग्रॅम. गेज हा शब्द दुकानात उच्चारूच नये, मिलिमीटरमध्ये मागावे आणि तिथल्या तिथे व्हर्नियर (जाडी मोजायचे सरकते माप) लावावा. आकड्याला 0.8, कुडीच्या दांडीला 0.8 ते 0.9, मण्याभोवती गुंफायला 0.4. मोत्याचे भोक अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते, हे तार घेण्याआधी पाहावे. मोती फोडून शिकण्यात अर्थ नाही.

आकड्यासाठी एका कानाला 5 सेंटिमीटर तार पुरते, वजन साधारण 0.26 ग्रॅम. एका टोकाला 3 मिलिमीटरचा गोल वळवायचा, मग 9 ते 10 मिलिमीटर जाड सळईवर बाक द्यायचा आणि शेपटाचे टोक जरासे बाहेर वळवायचे. भोकात जाणारे टोक कानशीने, नंतर 400 आणि 600 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करावे. इथे घाई केली की प्रत्येक वेळी घालताना कान आतून खरचटतो आणि दोष निकेलवर जातो. शेवटी बाकाचा भाग ऐरणीवर ठेवून हातोडीने हलका चपटा करायचा. हे ठोकणेच आकड्याला ताठपणा देते. तापवून मऊ केलेली तार वळवायला सोपी, म्हणून नवशिके तीच घेतात आणि ठोकायचे विसरतात. पहिल्या ओढणीत अडकला की आकडा उघडतो. आकड्याला मागून रबराची गुंडी दिली नाही तर एक कानातले हरवलेच म्हणून समजा, आणि एका कानातल्याला विकत कोण घेणार?

दागिन्याचे भाग जोडणारी कडी उघडताना दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे असे फिरवावे. टोके बाजूला ओढून फाकवली की कडी परत गोल होत नाही आणि फट राहते. 0.4 तारेचा फास त्या फटीतून अलगद निसटतो.

कुडीची दांडी झाळताना होणारी चूक नेहमीची आहे. दांडी बारीक, पत्रा मोठा. ज्योत दोन्हींवर सारखी धरली की दांडी आधी लाल होते, डाख (सांधा जोडणारा, लवकर वितळणारा मिश्रधातू) उष्णतेकडे धावतो आणि दांडीवर चढून बसतो. सांधा कोरडाच राहतो. पत्र्याला टाकणखार लावून, डाखाचा बारीक तुकडा ठेवून, पत्राच तापवावा. डाख चकाकून वाहू लागला की त्या क्षणी दांडी उभी टेकवावी. सांध्यात फट असेल तर डाख ती भरून काढत नाही, म्हणून दांडीचे टोक आधी सपाट कानसून घ्यावे. झाळल्यावर दांडी मऊ पडते. थंड झाल्यावर तिचे टोक पकडीत धरून अर्धा-अर्धा असे दोन फेरे पीळ दिला तर ती ताठ होते, आणि सांधा कच्चा असेल तर तिथेच सुटतो. गिऱ्हाइकाच्या कानात सुटण्यापेक्षा ते बरे. डाख घेताना तो कॅडमियमविरहित आहे ना, हे विचारावे. सोन्याच्या दागिन्यांबाबत ऐकू येणाऱ्या ‘केडीएम’मधला तो कॅडमियम हाच, त्याच्या वाफा फुफ्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक. बंद स्वयंपाकघरात झाळकाम करूच नये.

झाळल्यावरचा काळेपणा तुरटीच्या गरम पाण्यात किंवा सौम्य गंधकाम्लात जातो. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. त्या भांड्यात लोखंडी चिमटा घातला तर द्रावणातले तांबे चांदीवर बसते आणि दागिना गुलाबी होतो. पितळी किंवा लाकडी चिमटा वापरला की प्रश्न मिटतो.

कोंदणाचा हिशेब एका उदाहरणाने सांगतो, कारण भाव चुकतो तो इथेच. 10 बाय 14 मिलिमीटरच्या लंबगोल, घुमटाकार खड्याचा घेर सुमारे 38 मिलिमीटर, खड्याभोवती 0.3 मिलिमीटर जाड पट्टी घेतली तर तिच्या जाडीमुळे 39 कापावी लागते. 38 कापली की खडा आत जात नाही, 40 झाली की डुलतो. पट्टीची उंची 2.5 मिलिमीटर धरली तर ती सुमारे 0.3 ग्रॅम भरते. खालचा 0.5 मिलिमीटर पत्रा कापून-कानसून 0.67 ग्रॅम उरतो, पण त्यासाठी 12 बाय 16 चा तुकडा म्हणजे 1 ग्रॅम लागतो. आकडा आणि कडी धरून एका कानातल्यात सुमारे 1.35 ग्रॅम चांदी असते, जोडीत 2.7. खर्ची पडते मात्र 3.4 ग्रॅम. हा फरक कातरणात आणि कानशीच्या चुऱ्यात असतो. टेबलाखाली कातडे किंवा ताट लावले तर तो परत आटवता येतो, नाही लावले तर झारेकऱ्याचा (सोनाराकडची धूळ गाळून धातू काढणाऱ्याचा) फायदा. किंमत 2.7 वर नाही, 3.4 वर लावायची आणि परत मिळालेला चुरा वेगळा जमेस धरायचा. वर मजुरी: अशा जोडीला सराईत हाताला दोन-अडीच तास लागतात. सराफाच्या ग्रॅममागच्या घडणावळीशी बरोबरी करायला गेले तर ही जोडी कधीच परवडणार नाही. खडेही जोडीने जुळवावे लागतात; दहा घेतले तरी रंग-आकार जुळून पाच जोड्या निघतीलच असे नाही. उरलेल्यांची किंमत जुळलेल्यांवर पडते.

खडा नेहमी झाळकाम, आम्ल आणि काळा रंग हे सगळे उरकल्यावरच बसवावा. फिरोजा, मोती आणि पोवळे यांना यातले काहीही सोसत नाही. ‘हायड्रो’ म्हणून विकला जाणारा चकचकीत खडा बहुधा काच असतो. स्वस्त फिरोजा पुष्कळदा रंगवलेला पांढरा दगड. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा बोळा मागच्या बाजूला फिरवला तर अनेकदा निळा डाग उठतो. डाग उठला नाही म्हणून तो अस्सल ठरत नाही, एवढे लक्षात ठेवावे. काच विकण्यात गुन्हा नाही. काचेला ‘नॅचरल’ म्हणण्यात आहे.

मराठवाड्यातल्या दगडांविषयी उत्साह वाढतो आहे, तो चांगला आहे. पैठणच्या बाजूने भडोच बंदराकडे अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून जात, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनात आहे, आणि तेर (जि. धाराशिव) इथल्या वस्तुसंग्रहालयात जुने मणी आजही पाहता येतात. अकीकाची कठीणता (1 ते 10 च्या मोह्ज मापावर) 6.5 ते 7, रोजच्या वापराला उत्तम. पण विहिरी खोदताना आणि खाणींत मिळणारे झिओलाइटच्या पंगतीतले पांढरे, मोतिया, हिरवट स्फटिक कानात घालू नयेत. स्टिलबाइट 3.5 ते 4 आणि अपोफिलाइट 4.5 ते 5 इतकाच कठीण; दोन्ही एका प्रतलात सहज चिरतात. कोंदणाची कड दाबतानाच थर सुटतो. बसलाच तरी धुळीत गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात, त्यांची कठीणता 7. नुसते पुसून पुसून खडा आंधळा होतो. हे स्फटिक कपाटात शोभतात.

अकीक घरी घासायचा असेल तर 80, 220, 400, 600, 1200 या क्रमाने आणि सतत पाण्याखाली. कोरड्या घासणीतली धूळ सिलिकोसिस देते. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी ही किंमत मोजली आहे, तिची पुनरावृत्ती इथे बचत गटाच्या खोलीत होऊ नये. खंभातहून घासलेले खडे आणणे हाच आमच्या मते शहाणपणाचा मार्ग.

आता प्रशिक्षणाबद्दल. दोन दिवसांत मणी ओवणे शिकवून ‘ज्वेलरी मेकिंग’चे प्रमाणपत्र देणे बंद व्हावे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत सोनारकाम आहे, त्यात 5 ते 7 दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. आधीपासून हे काम करणाऱ्यांनी ती घेतली तर पहिली खरेदी व्हर्नियर आणि 0.01 ग्रॅमचा काटा ही करावी, मोठ्या पॉलिश यंत्राची नाही. प्रशिक्षकांनी निदान एक दिवस फक्त दांडी झाळायला आणि पीळ देऊन सांधा तपासायला ठेवावा. सराफा बाजारातील व्यापाऱ्यांनी 0.4, 0.8 आणि 0.9 मिलिमीटरची 925 तार 10 ग्रॅमच्या गुंडाळीत, बिलासह, ठेवली तर लहान कारागिराला पाव किलोची मागणी नोंदवून बसावे लागणार नाही.

आपले,
चांदीकाम करणारे काही कारागीर,
छत्रपती संभाजीनगर