खिंडीत चढल्यावर येणारा ओटीपी

महोदय,

अकोले तालुक्यात मी एकोणतीस वर्षं अंगणवाडीचं काम केलं, त्यातली शेवटची अकरा मुख्यसेविका, म्हणजे सेविकांची पर्यवेक्षिका, म्हणून. निवृत्त झाले तरी वाडीवरच्या अंगणवाडीत जाणं सुटलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात तिथे जे पाहिलं ते लिहिते आहे.

१ जुलै २०२५ पासून टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, देण्याआधी पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी मोबाइल ॲपवर, चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. त्याआधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि तिचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. आठ महिन्यांचं पोर पाठीशी बांधून एक सून भर पावसात आली. घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा नारायणगावला टोमॅटोच्या कामावर. वाडीत रेंज नाही. सेविका तिला घेऊन खिंडीत चढली, नवऱ्याला फोन लावला. त्याला मेसेज उघडून आकडे वाचता येईनात. शेजारच्या कुणाला तरी विचारून त्याने ते सांगितले तोवर ओटीपीची मुदत संपलेली. तीनदा असंच झालं. सून रिकामी पिशवी घेऊन परत गेली. रोष मात्र सेविकेने ऐकला, कारण वाडीला तीच दिसते.

ॲप मला हवं आहे. अकरा रजिस्टरं मी भरली आहेत आणि वाढीचे आलेख रात्री दिव्याखाली हाताने काढले आहेत. आता वजन-उंची भरली की मूल कुठल्या श्रेणीत आहे ते तिथल्या तिथे कळतं. पण ॲपची आखणी चालू असताना सेविकेला कुणी विचारलं होतं का? आम्हाला तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं, तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. मी उठून विचारलं, पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तिची नोंद कुठल्या अंगणवाडीत ठेवायची? शिकवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "वर कळवतो." मी निवृत्त झाले तोवर उत्तर आलं नव्हतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा पुष्कळांना तो आडमुठेपणा वाटला. मोबाइलची मेमरी अपुरी, दुरुस्तीचा खर्च पदरचा आणि माहिती इंग्रजीत भरायची, ही त्यांची गाऱ्हाणी होती. ॲप येण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातल्या चार सेविकांना समोर बसवलं असतं, तर हे तिन्ही मुद्दे पहिल्या तासाभरात निघाले असते.

म्हणून माझी मागणी आहे. पुढचा कोणताही बदल सक्तीचा करण्याआधी तो रेंज नसलेल्या एका बीटमध्ये, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांत, महिनाभर चालवून पाहावा. ॲप बनवणाऱ्यांपैकी एकाने तो महिना तिथे राहावं, सेविका, मदतनीस आणि पोरांच्या आया यांच्यासोबत बसावं. आणि तोवर, चेहरा जुळला नाही किंवा ओटीपी आला नाही, तर रजिस्टरवर सही-अंगठा घेऊन आहार त्याच दिवशी देण्याची मोकळीक सेविकेला लेखी द्यावी. पडताळणी आठवड्याने झाली तरी चालेल, आठ महिन्यांच्या पोराचं जेवण आठवडाभर थांबत नाही.

— एक निवृत्त मुख्यसेविका, अकोले, जि. अहिल्यानगर