लाल रेघ न मारल्याबद्दल

आदरणीय बाई,

लंबकाच्या प्रयोगाखाली आमच्या मुलीने गुरुत्व त्वरणाची, म्हणजे जीची किंमत १०.७ लिहिली होती, हवी होती ९.८ च्या आसपास. तुम्ही त्यावर लाल रेघ मारली नाहीत. बाजूला पेन्सिलने एवढंच विचारलंत, ‘मोजायला सुरुवात शून्यापासून केलीस की एकापासून?’ आणि रीडिंगचे मार्क पूर्ण दिलेत. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत हेलकावे एकोणीसच झालेले असतात. एक मीटर लांबीला वीस हेलकाव्यांना सुमारे ४०.२ सेकंद लागायला हवेत, स्टॉपवॉच ३८.२ वरच थांबतं. आवर्तकाल, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, पाच टक्के कमी, आणि जीच्या सूत्रात त्याचा वर्ग छेदात, म्हणून जी जवळजवळ अकरा टक्के वर! आकडा प्रामाणिकपणे मोजलेला आहे, फक्त सुरुवात चुकली आहे, हे तुम्ही नुसत्या किमतीवरून ओळखलंत. त्यासाठी तो प्रयोग स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा केलेला असावा लागतो.

या प्रयोगात घसरायच्या जागा तशा पुष्कळ. दोरा चिरलेल्या बुचात घट्ट न धरता खिळ्याला गुंडाळला तर टांगणीचा बिंदूच सरकतो. पंखा चालू राहिला की गोळा लंबगोल फिरायला लागतो. स्टॉपवॉच दाबताना हाताचे ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. एकच हेलकावा मोजला तर ती चूक दहा टक्क्यांची, वीस मोजले तर अर्ध्या टक्क्याची. मुलांना हे सगळं आकड्यातूनच कळायचं असतं. आकडा खोडला तर शोधायचं कुठे?

याआधी तिला जे विज्ञान मिळालं त्याचा राग अजून जात नाही. तिथे प्रात्यक्षिक म्हणजे फळ्यावरचा तयार तक्ता जर्नलात उतरवणं. ओहमच्या नियमाचा आलेख काढताना आधी पट्टीने सरळ रेषा ओढायची आणि मग तिच्यावर ठिपके बसवायचे! मुलांना खोटं लिहायला शिकवलं आणि त्यालाच नीटनेटकं काम म्हटलं. आपल्या गोव्यात जी ९.७८ च्या घरात आहे, ध्रुवावर ९.८३. मग अख्ख्या वर्गाचं उत्तर पुस्तकातलं ९.८१ येतं ते कसं?

१६७२ मध्ये झ्याँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं लंबकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेनला रोज अडीच मिनिटं मागे पडत होतं, म्हणजे तिथे जी कमी होती. पॅरिसशी जुळत नाही म्हणून त्याने ती नोंद लपवली नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे हे मांडताना न्यूटनने तिचाच आधार घेतला. तुमच्या वर्गात मुलांना अशी नोंद ठेवायची मुभा आहे, बाई, आणि ती आजकाल फार थोड्या ठिकाणी मिळते.

सोळा वर्षांच्या मुलीला चारचौघांत न हिणवता, तिने मोजलंय ते खरंच मोजलंय असं धरून तिच्याशी बोलणं, यासाठी सरकारी परिपत्रक लागत नाही की महागडी उपकरणं. चांगुलपणा लागतो. तो तुमच्याकडे आहे, आणि त्याचा गाजावाजा तुम्ही कधी केलेला नाही.

शून्यापासून मोजल्यावर आता ९.६ आलं आहे. लांबी हुकापर्यंतच धरली गेली, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही, असा तिचा तर्क आहे. दीड सेंटीमीटर सुटला तर दीड टक्का जातो, तेव्हा तर्क पटण्यासारखा आहे. व्यास मोजायला सोमवारी ती तुमच्याकडे व्हर्नियर मागेल.

लॅबमधली काही स्टॉपवॉच बंद पडली आहेत असं तिच्याकडून कळलं. चवथीची सुट्टी संपली की नवी आणून देते. नको म्हणू नका.

देव बरें करूं.

तुमच्या एका विद्यार्थिनीची आई,
फोंडा