मला काकांना विचारू द्या

सिस्टर,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला न विचारता ते इथे लिहीत नाही. पत्र मात्र उघड लिहिते आहे. त्या सकाळी जे घडलं ते पाहायला पलंगापाशी आम्ही मोजकीच माणसं होतो, आणि ते आमच्यातच राहून जावं असं मला वाटत नाही.

बाबांना तुमच्या वॉर्डात आणलं तो पक्षाघातानंतरचा पाचवा दिवस होता. उजवा हात-पाय गेला होता, वाचा गेली होती. आधीच्या रुग्णालयाच्या कागदांवर सेरेब्रोलायसिनचं इंजेक्शन लिहिलेलं होतं, रोज एक, १० दिवस. चार झाली होती. तुम्ही फक्त पाचवं द्यायचं होतं. तसं दिलं असतं तर तुम्हाला कुणी बोल लावला नसता.

तुम्ही ट्रे बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "यांना आधी कधी फिट आली होती का? आकडी, झटके, काहीही?"

दादा लगेच म्हणाला, "नाही, कधीच नाही." मीही मान हलवली. आम्हाला पक्की खात्री होती.

"मला काकांना विचारू द्या," तुम्ही म्हणालात.

तोवर पाच दिवसांत बाबांना कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे प्रश्न आम्हाला, सगळी उत्तरं आमची, आणि ते मध्ये पडून. तुम्ही स्टूल ओढलंत, त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा चेहरा धरलात, आणि त्यांचा डावा हात हातात घेतलात. "काका, कधी फिट आली असेल, अगदी लहानपणी का होईना, तर माझा हात दाबा."

त्यांनी दाबला.

मला वाटलं, सहज दाबला गेला असेल. तुम्हालाही ती शंका आली असावी, कारण तुम्ही प्रश्न उलटा केलात : "कधीच आली नसेल, तर दाबा." हात निपचित. मग पुन्हा पहिला प्रश्न. या वेळी तुमची बोटं पांढरी पडली इतक्या जोरात त्यांनी हात दाबला.

मी बाहेर जाऊन आत्याला फोन लावला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला झटके यायचे. शाळेत मुलं चिडवायची. ते थांबले तेव्हा घरात ठरलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. आईलासुद्धा हे माहीत नव्हतं. बाबांनी ही गोष्ट आयुष्यभर सांभाळली होती, आणि ती सांगायची वेळ आली तेव्हा तोंडात शब्द नव्हता. तुम्ही हात पुढे केला नसतात तर ती तशीच आत राहिली असती.

ते इंजेक्शन तुम्ही दिलं नाहीत. डॉक्टरांना बोलावलंत आणि त्यांनी ते बंदच केलं. फिटचा आजार असलेल्यांना आणि मूत्रपिंड फार बिघडलेल्यांना हे औषध द्यायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. औषधासोबतच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. म्हणजे पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो विचारायला पाचवा दिवस उजाडला.

आधीच्या ठिकाणाबद्दल मला अजून राग आहे, तो लपवत नाही. "मेंदू वाचवायचं इंजेक्शन आहे" एवढंच आम्हाला सांगितलं. हे औषध डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून बनवतात, हेसुद्धा तुमच्याकडूनच कळलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी घाईत आलं आणि सिरिंज भराभर रिकामी करून गेलं. बाबांचा चेहरा लाल झाला, कपाळ घामाने भिजलं, डावा हात छातीवर जात होता. मी धावत जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, "होतं असं." होतं, पण ते का होतं हे तुम्ही सांगितलंत : भरभर दिलं की अंगात उष्णता वाटते, घाम येतो, चक्कर येते, कधी धडधडतं. म्हणून १० मिलिपर्यंतचा डोस शिरेतून द्यायचा तर अगदी सावकाश, आणि त्याहून जास्त असेल तर सलाईनमध्ये मिसळून १५ ते ६० मिनिटं लावायचा. त्या दिवशी बाबांना काय होत होतं हे त्यांना नीट कळत होतं आणि सांगता येत नव्हतं, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

इंजेक्शन बंद केल्यावर मी घाबरले होते. आता मेंदू कसा वाचणार? डॉक्टरांनी शांतपणे बसवून सांगितलं की गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात या औषधाने जीव वाचतो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात तर जीवघेण्या नसलेल्या पण गंभीर त्रासाचं प्रमाण वाढत असावं अशीच शंका आहे. रक्तदाब सांभाळणं, गिळताना ठसका लागू न देणं, कूस बदलणं, व्यायाम आणि वाचेचे उपचार, खरं काम तिथे आहे. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आम्ही त्या कुप्यांकडे देवासारखं पाहत बसलो नसतो.

सिस्टर, चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असं मी समजत आले होते. तुम्ही तशा फार गोड बोलत नाही. वॉर्डात तीसेक माणसं होती आणि तुम्हाला क्षणाची उसंत नव्हती. तरी मुलं छातीठोकपणे "नाही" म्हणत असताना तुम्ही त्या माणसाला विचारलंत ज्याचं ते शरीर होतं. निपचित पडलेल्या माणसालाही स्वतःबद्दल काही ठाऊक असतं, हे धरून चालणारी माणसं या जगात आहेत आणि त्यांच्यातलं एक नेमकं आमच्या वाट्याला आलं, याचं मला रोज नवल वाटतं.

बाबा आता पाच-सहा शब्द बोलतात. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवलं आहे : लहानपणी आकडी येत असे. लिहिण्याआधी त्यांना विचारलं. त्यांनी हात दाबला.

हे पत्रही त्यांना वाचून दाखवलं आहे. खाली जी वाकडी रेघ दिसते ती त्यांची सही आहे, डाव्या हाताने केलेली.