वागळे इस्टेटच्या मिस्त्रीकाकांना, बेल्टच्या किंचाळीबद्दल

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीला जुन्या मारुती 800, झेन, सँट्रो सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. मुद्दाम उघड लिहितो आहोत, म्हणजे तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते बॉनेट उघडून उभ्या असलेल्या इतरांच्याही कामी येईल. सकाळी सेल मारला की सगळी बिल्डिंग जागी करणारी, इंजिनाच्या पुल्यांवर फिरणाऱ्या बेल्टची किंचाळी, आणि त्यावर रस्त्यावर सर्रास मिळणारा इलाज म्हणजे "बेल्ट टाइट करून देतो". तुम्ही पाना उचलण्याआधी आवाज नीट ऐकून घेता. पहिले आभार त्याचेच.

लांब किंचाळी आणि बारीक चिरचिर यांतला फरक तुमच्यामुळे कानात बसला. इंजिन सुरू होताच, किंवा हेडलाइट, ब्लोअर, एसी लावताच जी लांब किंचाळी उठते, ती बेल्ट पुलीवर घसरत असल्याची. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागावर) किंवा एसीच्या कॉम्प्रेसरवर लोड आला आणि बेल्टची पकड कमी पडली, एवढाच त्याचा अर्थ. आयडलिंगला ठेक्यात येणारी चिरचिर मात्र बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याची असते. आणि खरखर, घरघर असेल तर बेल्टकडे बघायचंच नाही, बेअरिंग शोधायचं.

शंका राहिली तर तुमची पाण्याची परीक्षा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, चालू इंजिनावर, हात लांब ठेवून बेल्टच्या रिबवाल्या, म्हणजे उभ्या धारी असलेल्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. चिरचिर काही सेकंद बंद होऊन परत आली, तर दोष रेषेत आहे. आवाज उलट वाढला, तर बेल्ट ढिला आहे. लोंबती बाही, ओढणी, गळ्यातली चेन यांना त्या वेळी बॉनेटजवळ जागा नाही, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. ते फार बरं करता.

पावसाळ्यात दोन-चार दिवस उभी राहिलेली गाडी पहिले काही सेकंद ओरडते आणि गप्प होते. पुलीवर गंजाचा पातळ थर आणि दमट हवा, बाकी काही नाही. अशा गाडीला तुम्ही हात न लावता परत पाठवता, याची किंमत आम्हाला कळते.

तुमची पुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते: बेल्ट काढून इंजिन थंड असताना अर्धा मिनिट चालवून बघणं. आवाज गेला तर दोष त्या बेल्टवर फिरणाऱ्या भागांत, राहिला तर दुसऱ्या बेल्टकडे किंवा टायमिंगच्या बाजूला कान लावायचा. मारुती 800 मध्ये वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. मग इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवायची. अल्टरनेटर मऊ फिरला पाहिजे, कुठेही दाणेदार लागता कामा नये. वॉटर पंपाची पुली धरून हलवली आणि प्ले (ढिलेपणा) जाणवला, किंवा पंपाखालच्या छोट्या भोकापाशी कूलंट सुकून पांढरट-हिरवी खपली धरली असेल, तर नवा बेल्ट टाकून पैसे घालवायचे नाहीत. आधी पंप.

पण सगळ्यात मोलाचं दाखवलंत ते पुलीच्या खाचेत टॉर्च मारून. जुन्या गाडीचा व्ही बेल्ट खाचेच्या दोन भिंतींना धरून चालतो, तळाला तो टेकायलाच नको. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर बेल्ट झिजून खाली बसला आहे, किंवा खाचच झिजून रुंद झाली आहे. असा बेल्ट कितीही ताणा, तो घसरणारच. चांगला बेल्ट पुलीच्या काठाशी जवळपास समतल दिसतो, बोटाने चाचपलं तरी कळतं. नवा टाकूनही तो आत बुडत असेल तर पुली बदलायची. "नवा बेल्ट टाकला, तरी ओरडतो" या तक्रारीचं एक उत्तर त्या चकाकणाऱ्या तळात आहे आणि आम्हाला ते दुसऱ्या कुणी दाखवलं नव्हतं. बेल्टच्या कडाही काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर सँडपेपर घासून काही होत नाही. तो रबर जळून कडक झालेला असतो.

ताण देण्याची तुमची पद्धत इथे जशीच्या तशी लिहितो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरला इंजिन बंद असतानाही करंट असतो. अल्टरनेटरचा खालचा मोठा बोल्ट आणि वरच्या पट्टीतला बोल्ट दोन्ही ढिले करायचे. नुसता वरचा ढिला करून ओढाओढ केली की पट्टी वाकते. बेल्ट ताणायला टॉमी (लोखंडी दांडा) अल्टरनेटरच्या पुढच्या जाड भागावर टेकवायची, मागच्या पातळ झाकणावर नाही. मग दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या सगळ्यात लांब पट्ट्यात मधोमध अंगठ्याने सुमारे 10 किलोचा दाब द्यायचा. मारुती 800 सारख्या छोट्या इंजिनाला साधारण 6 ते 9 मिलिमीटर दबला तर ठीक, नवा बेल्ट थोडा कमी. दुसऱ्या गाडीला तिच्या मॅन्युअलमधला आकडा. त्याहून टाइट केला की किंचाळी जाते, पण अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंग मरायला लागतात. मग तीनशे-चारशेच्या बेल्टपायी हजारोंचा खड्डा.

रेष तपासायला स्टीलची सरळ पट्टी क्रँकच्या पुलीवर टेकवायची. दुसऱ्या पुलीपाशी 30 सेंटिमीटरमागे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर ब्रॅकेटचं बुश झिजलंय का, कुणी मागे अल्टरनेटर काढताना वॉशर विसरलाय का, हे बघायचं.

तेलाबाबतचा तुमचा कडकपणा आम्हाला पटला. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरत असेल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बेल्टवर उडत असेल, तर आधी गळती बंद, मग पुल्या ब्रेक क्लीनरने पुसून कोरड्या, आणि शेवटी नवा बेल्ट. तेल प्यायलेला बेल्ट फुगतो, तो धुऊन परत लावायचा नाही. साबण, पावडर, गंज सोडवायचा स्प्रे यांनी दोन दिवस शांतता मिळते. नंतर त्या चिकट थरावर घोडबंदर रोडची धूळ बसते आणि खाच घासून काढते.

एक गोष्ट तर आमच्या डोक्यातच आली नसती. फक्त पहिलं मिनिटभर ओरडणाऱ्या गाडीत तुम्ही आधी मीटर लावलात बॅटरीला. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.4. बॅटरी उतरलेली असली की सेल मारल्यावर अल्टरनेटर तिला भरायला पूर्ण जोर लावतो, आणि तो सगळा भार बेल्टवर येतो. बेल्ट किंचाळतो, पण बदलायची असते बॅटरी.

खरेदीचंही तुम्हीच शिकवलंत. जुना बेल्ट दुकानात मापाला ठेवायचा नाही, तो ताणलेला असतो. पाठीवरचा नंबर वाचायचा: रिबवाल्या बेल्टवर 4पीके850 म्हणजे चार रिब आणि 850 मिलिमीटर लांबी. नंबर पुसला असेल तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगायचं, आणि एसीचा बेल्ट वेगळा असतो हे विसरायचं नाही.

बेल्ट टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून, थंड होऊ देऊन तुम्ही ताण पुन्हा बघता, आणि काहीशे किलोमीटरनंतर परत बोलावता. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतोच. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे तुम्ही घेत नाही, उलट तारीख आणि किलोमीटर खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून देता. त्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठी मनापासून धन्यवाद. पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्यांच्या गाड्या एकदा दाखवायला आणतो, सकाळी थंड इंजिनावरच.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतले जुन्या गाड्यांचे मालक