मंत्रिमहोदय, बेसिनं आली, पाणी कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

‘प्रत्येक शाळेत हात धुवायला पाणी आणि साबण’ ही घोषणा आपण केलीत तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे आमच्या शाळेत बेसिनांची रांग बसली, फीत कापली गेली. परवाच्या पालकसभेत कळलं की त्या नळांना जोडणीच दिलेली नाही. निधी फक्त बांधकामाचा होता म्हणे. पाणी दुसऱ्या खात्याकडे आणि साबण कुणाकडेच नाही. वर भिंतीवर मात्र हात धुण्याच्या पायऱ्यांचं रंगीत पोस्टर आहे, शेवटच्या चौकटीत आपण हात जोडून उभे आहात. अख्ख्या शाळेत तेवढेच हात स्वच्छ दिसतात.

माझ्या धाकटीच्या नाकाखाली फोड आले, फुटले, त्यावर पिवळट, चिकट खपली धरली. इम्पेटिगो, म्हणजे जंतूंमुळे होणारा, एकमेकांना लागणारा त्वचेचा संसर्ग. ‘‘लहान मुलांना होतंच असं,’’ असं शाळेतून सांगण्यात आलं. होतं ना! जगात कोणत्याही वेळी १६ कोटींहून जास्त मुलांना ते असतं, असा अंदाज २०१५ सालीच छापून आलाय. फोड सुकले, आम्ही निर्धास्त झालो. काही आठवड्यांनी सकाळी तिच्या पापण्या एवढ्या सुजल्या की डोळे उघडेनात. लघवी लालसर तपकिरी. त्वचेवरच्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूशी शरीर लढलं आणि त्याची झळ मूत्रपिंडांना बसली. तीन ते सहा आठवड्यांनी असं होऊ शकतं, बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, असं डॉक्टर म्हणाले. त्या बहुतेकांत आपलं मूल आहे की नाही, हे आईला त्या रात्री कोण सांगणार? मापाच्या भांड्यात तिची लघवी मोजायची, कागदावर आकडा लिहायचा, पुन्हा वाट बघायची. सुदैवाने ती सावरली. आपल्या खात्यामुळे नाही.

थोरला खेळाडू. त्याच्या मांडीवर गळू झालं, चिरा देऊन पू काढावा लागला, तपासणीत एमआरएसए निघाला. नेहमीच्या कित्येक अँटिबायोटिक्सना न जुमानणारा हा जंतू १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात त्याने ४ मुलांचा जीव घेतला. त्यांना हा संसर्ग रुग्णालयात नव्हे, बाहेर झाला होता. आमच्या पोरांच्या संघात टॉवेल सामायिक, रेझर सामायिक, मॅट कधी पुसली होती ते कुणाला आठवत नाही. खरचटलं की त्यावर माती, आणि खेळ चालू. जखम साबणपाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा, उघडं गळू घेऊन मॅटवर उतरू नका, ते पिळू नका, टॉवेल आपापला ठेवा, एवढं सांगणारा एक माणूस नेमायला कोणती समिती लागते?

आपले अधिकारी म्हणतात, पालकांनी स्वच्छतेच्या सवयी लावाव्यात. लावल्यात हो! नखं कापतो, डबल कपडे देतो. दिवसाचे सहा तास मूल तुमच्या कोरड्या नळासमोर असतं, तिथे कोणती सवय लावू? २०१९ मध्ये जगातल्या दर पाच शाळांपैकी दोनहून जास्त शाळांत हात धुण्याची साधी सोय नव्हती, म्हणजे सुमारे ८२ कोटी मुलं. आपल्या अहवालात मात्र ‘उद्दिष्ट साध्य’. बेसिन मोजलं की उद्दिष्ट साध्य!

उपाय माहीत नाही असंही नाही. कराचीच्या वस्त्यांत घरोघर साबण देऊन हात धुवायला शिकवलं, तर मुलांतला इम्पेटिगो सुमारे एक तृतीयांशाने घटला. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालंय. साध्या साबणाने जे साधलं तेच जंतुनाशक साबणाने साधलं, तेव्हा महागड्या द्रावणाची निविदा काढायचा विचार असेल तर तो सोडा. फिजीमध्ये खरजेवर सगळ्या गावाला आयव्हरमेक्टिन हे औषध दिलं, तर वर्षभरात इम्पेटिगो दोन तृतीयांशाने उतरला. खाजवून झालेल्या ओरखड्यांतूनच तर जंतू आत शिरतात! इथे खरूज झालेल्या मुलाला घरी पाठवतात, घरच्यांना कुणी औषध देत नाही, मूल परत येतं, खरूजही परत येते. आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं? लाली दोन दिवस दबते, संसर्ग आत पसरतो. ती विक्री कोण थांबवणार, तेही दुसरं खातं का?

मुळात आपल्याकडे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या खात्याची असते. मूल तेवढं आमचं. मतं मागताना सगळी खाती एका जीपमध्ये मावतात, नळ जोडताना त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ कुठेही वर्ग करू नये. जोडणी कोण देणार आणि साबण दर महिन्याला कोण भरणार, त्या दोन माणसांची नावं आणि तारीख शाळेच्या फलकावर लावा. पोस्टर काढलंत तरी चालेल, जागा होईल.

आपली,
दोन मुलांची आई