दप्तराविना दहा दिवस मुलांना कामाजवळ नेणार का?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांतून करिअर मार्गदर्शनाच्या पुरवण्या येतात, तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयांत व्याख्याने होतात आणि पंधरा दिवस घरोघरी 'आता पुढे काय?' एवढाच विषय चालतो. या धावपळीबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवल्यानंतर, आणि त्यातील बरीच वर्षे दहावीचा वर्गशिक्षक म्हणून पालकांच्या या प्रश्नाला तोंड दिल्यानंतर, माझे असे मत झाले आहे की हा प्रश्न आपण चार वर्षे उशिरा विचारतो, आणि मुलाऐवजी त्याच्या टक्केवारीला विचारतो. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सुचवलेल्या 'दप्तराविना दहा दिवसां'बद्दल हे पत्र त्यासाठीच.

२०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळामार्फत दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जात असे. शेती, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोठे आहे, ते संगणकावरील प्रश्नांतून काढायचे, अशी ती योजना होती. हेतू चांगला होता. ज्या मुलांना 'तुला काय आवडते?' असे आयुष्यात कोणीच विचारले नव्हते, त्यांना निदान सरकारने तरी विचारले, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे. आमच्या शाळेत ही चाचणी घेण्याचे काम माझ्याकडे होते. मुले मध्येच वळून विचारत, "सर, हे काम म्हणजे नेमके काय असते?" यंत्रे खोलून दुरुस्त करायला आवडेल का, या धर्तीच्या प्रश्नाला हातात कधी पाना न धरलेली मुलगी काय उत्तर देणार? ती शेजारणीच्या पडद्याकडे पाही, किंवा घरच्यांना बरे वाटेल ते उत्तर निवडून मोकळी होई. पहिल्या वर्षी तर कल चाचणीचा अहवाल गुणपत्रिकेबरोबर हाती पडला, तोपर्यंत घरोघरी प्रवेशाची गणिते मांडून झालेली होती. बहुतेकांनी तो गुणपत्रिकेच्या मागे, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला.

दोष केवळ चाचणीचा नव्हता, हे मान्य करतो. माझ्याच वर्गातील एक मुलगा शाळेतले बंद पडलेले पंखे विनासायास चालू करून देत असे. दहावीला त्याला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले, आणि त्याच्या वडिलांनी विचारले तेव्हा, एवढे गुण आयटीआयमध्ये वाया कशाला घालवता, असे मीच त्यांना सांगितले. मुलगा विज्ञान शाखेला गेला, बारावीला कसाबसा तरला, दोन वर्षे प्रवेश परीक्षांच्या मागे लागला आणि अखेरीस इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा कारागीर, झाला. आज तो चांगले कमावतो, कामावर खूश आहे आणि भेटला की वाकून नमस्कार करतो, म्हणून ही गोष्ट दुःखाची म्हणता येणार नाही. मात्र मधली चार वर्षे माझ्या सल्ल्यात गेली, आणि वीजतंत्री किंवा जोडारी या ट्रेडमध्ये नेमके काय शिकवतात हे तेव्हा मी स्वतः एकदाही पाहिलेले नव्हते.

आवड ही मुलाच्या आत कोठेतरी तयार असते आणि योग्य प्रश्न विचारला की ती बाहेर येते, या समजुतीवर आपले बहुतेक मार्गदर्शन चालते. माझा अनुभव निराळा आहे. जे काम मुलाने जवळून पाहिले नाही, त्याची आवड किंवा नावड त्याला असूच शकत नाही. असते ती फक्त ऐकीव माहिती. म्हणूनच राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील एक तरतूद मला इतर अनेक मोठ्या घोषणांपेक्षा महत्त्वाची वाटते. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाने दहा दिवस दप्तराविना शाळेबाहेर पडून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम अनुभवावे, असे त्यात म्हटले आहे. २०२४ च्या जुलैमध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. परंतु माझ्या पाहण्यातील शाळांत या दिवसांचे रूपांतर एका सहलीत, एका रांगोळी स्पर्धेत आणि पुष्कळशा छायाचित्रांत झाले. यात शिक्षकांना बोल लावण्याचे कारण नाही. सर्वेक्षणे आणि ऑनलाइन नोंदी यांतून उरलेल्या वेळात छायाचित्र काढून पाठवणे जमते, चाळीस मुलांसाठी कामाच्या जागा शोधणे जमत नाही.

आणि जागा तर दाराशी आहेत. आमच्या हातकणंगले तालुक्याचेच पाहा. एका मागाच्या कारखान्यात जॉबर असतो, सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला असतो, ताण्याचे धागे वही आणि फणीतून ओवणारे वहिफणी कामगार असतात, कापड तपासून घड्या घालणारा घडीवाला असतो आणि सुताचा व मजुरीचा हिशेब ठेवणारा दिवाणजी असतो. म्हणजे यंत्र, नजर, हात आणि आकडे ही चारही प्रकारची कामे एका छपराखाली. हुपरीत चांदीकाम चालते, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम चालते. गावच्या दूध संस्थेत रोज सकाळी दुधाचे फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) काढतात. आठवीतील मुलीने काही दिवस ते काम पाहिले तर रसायनशास्त्र कशाशी खातात हे तिला माझ्या पाच तासांपेक्षा अधिक कळेल. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून गूळ उतरवायची वेळ सांगतो. तेव्हा पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसवर असतो, हे त्याने मोजलेले नसते. गुळव्यानेच तापमापक धरला आणि मुलांनी लांबून आकडा टिपला, तर त्यालाही मौज वाटेल. मात्र गुऱ्हाळे दिवाळीनंतर पेटतात आणि उन्हाळ्यात थंडावतात, म्हणून हे दहा दिवस वर्षअखेरीस एका आठवड्यात उरकण्याजोगे नाहीत. माझी तर सूचना अशी आहे की दहा दिवसांत दहा ठिकाणे दाखवण्यापेक्षा तीन ठिकाणी तीन-तीन दिवस राहू द्यावे. पहिल्या दिवशी मूल केवळ पाहते. कंटाळा येतो तो दुसऱ्या दिवशी. त्या कंटाळ्यानंतरही ज्याला तिथे थांबावेसे वाटते, त्याची नोंद शिक्षकाने घेण्यासारखी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो गंभीर आहे. गरिबांच्या मुलांना पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपण्याचा हा डाव तर नव्हे? १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला अर्धा दिवस घरचा व्यवसाय अशी योजना आणली, तेव्हा ती जातिव्यवस्था पक्की करणारी आहे म्हणून प्रचंड विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पाठोपाठ बलुतेदारीची बेडी तोडली, तेथील शिक्षकाने हे विसरून चालणार नाही. म्हणून या उपक्रमाला एक नियम काटेकोरपणे लावावा: स्वतःच्या घरच्या व्यवसायाच्या ठिकाणी कोणत्याही मुलाला पाठवू नये. माग कामगाराच्या मुलीने बँकेत, औषधांच्या दुकानात, सर्वेअरच्या मागे जावे आणि डॉक्टरांच्या मुलाने ओतशाळेत घाम पुसावा. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही हाच नियम असावा. तेथील मुलांना कामाची ओळख आमच्या मुलांपेक्षा कमीच असते, फक्त तिची उणीव त्यांना भासत नाही.

कायद्याचे भानही ठेवावे लागेल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना, काही अपवाद वगळता, कोणत्याही उद्योगात कामाला लावण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तेव्हा धावत्या मागाजवळ, भट्टीजवळ मुले उभी राहणार नाहीत, त्यांच्याकडून उत्पादन घेतले जाणार नाही आणि शिक्षक सोबत असेल, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे. पाहणे, विचारणे, मोजणे आणि शाळेच्या आवारात ती गोष्ट लहान प्रमाणावर करून पाहणे एवढे या वयाला पुरे. हे अशक्य नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण आणि गृह व आरोग्य या चारही विभागांत हाताने काम करतात. मुलगी जोडकाम करते, मुलगा रक्तगट तपासायला शिकतो. हा अनुभव राज्यातच उपलब्ध असताना प्रत्येक शाळेने नव्याने चाचपडण्याची गरज नाही.

निवृत्तीनंतर मी आमच्या शाळेपासून चालत जाता येईल अशा अंतरावरील कामाच्या जागांची एक वही करायला घेतली आहे. कारखानदार, दुकानदार, दूध संस्थेचे सचिव, एक पशुवैद्य, दोन बागायतदार अशा अनेकांना भेटलो. बहुतेकांनी आनंदाने होकार दिला. ज्यांनी नकार दिला त्यांची भीती एकच होती: मुलाला काही लागले, बोट कापले, तर पोलीस आमच्या दारात येणार की शाळेच्या? विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. दप्तराविना दिवसांत शाळेबाहेर झालेला अपघात तिच्या कक्षेत येतो, आणि नेमून दिलेली काळजी घेतलेल्या यजमानावर जबाबदारी येणार नाही, असे शालेय शिक्षण विभागाने एका पानाच्या परिपत्रकाने कळवावे, एवढीच या पत्राद्वारे विनंती आहे. वहीतील नकारांपुढे मी पेन्सिलीने खूण केली आहे. परिपत्रक निघाले की त्या सर्वांकडे पुन्हा जाणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर