फिरकीचे आखाडे नकोत, चांगली खेळपट्टी हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियाचा संघ २०२७ च्या सुरुवातीला पाच कसोटी सामन्यांसाठी भारतात येणार आहे. कसोटी अजिंक्यपदाच्या चालू पर्वातील भारताची ती शेवटची मोठी परीक्षा असेल. या मालिकेत आपल्या संघाचे काय होईल, याची चर्चा आतापासूनच रंगू लागली असून ती बहुतेक वेळा प्रशिक्षक बदलावा की कर्णधार, या दोनच प्रश्नांभोवती फिरते. गेली अनेक वर्षे कसोटी क्रिकेट आणि रणजी स्पर्धा आस्थेने पाहणारा एक प्रेक्षक म्हणून मला वाटते, की दुखणे वेगळ्याच ठिकाणी आहे. मायदेशात आपण मागून घेतलेल्या खेळपट्ट्या आपल्याच संघाला मारक ठरत आहेत आणि त्या खेळपट्ट्यांवर उभे राहण्याची सवय आपल्या फलंदाजांना जिथे लागायची, त्या रणजी स्पर्धेला आपण वर्षाच्या सांदीकोपऱ्यात बसवले आहे.

२०१२-१३ मध्ये इंग्लंडकडून हरल्यानंतर भारताने मायदेशातील सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. हा विजयक्रम ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने तोडला आणि तीही ३-० अशी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपल्याला २-० असे हरवले. तेरा महिन्यांच्या अंतराने दोन पाहुण्या संघांनी आपल्याच अंगणात आपल्याला एकही सामना जिंकू दिला नाही. एखाद्या मालिकेत असे घडले तर तो वाईट काळ म्हणून सोडून देता येते, पण दोनदा घडल्यावर कारण शोधलेच पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरचा सामना आठवून पाहावा. पहिल्या डावात ३० धावांची आघाडी घेऊनही आपण हरलो. चौथ्या डावात १२४ धावांचे लक्ष्य होते, आपला संघ ९३ धावांत आटोपला आणि तिसऱ्या दिवशीच सामना संपला. मान दुखावल्यामुळे कर्णधार शुभमन गिल दुसऱ्या डावात फलंदाजीला येऊ शकला नाही हे खरे, परंतु एवढ्यावर पराभवाची जबाबदारी टाकता येणार नाही. त्या सामन्यात दोन्ही संघांत मिळून अर्धशतक झाले ते एकच. ते दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार टेम्बा बवुमाने केले, नाबाद ५५. तो सरळ बॅटने, चेंडू शरीराजवळ येऊ देऊन, धावांची घाई न करता खेळत राहिला. चेंडू इतका वळत होता, की कुठला वळेल आणि कुठला सरळ येईल याचा अंदाज टाकणाऱ्यालाही नव्हता. अशा वेळी फिरकी गोलंदाजाच्या कौशल्याला फारसा अर्थ उरत नाही. ठरावीक टप्प्यावर मारा करत राहणारा कोणीही पुरेसा ठरतो. त्यांचा फिरकीपटू सायमन हार्मरने दोन्ही डावांत चार-चार बळी घेतले. आपल्याकडे जडेजा, अक्षर, कुलदीप आणि वॉशिंग्टन सुंदर असे चार फिरकीपटू होते, तरीही सामना पाहुण्यांच्या फिरकीने जिंकला. हवी होती तशीच खेळपट्टी मिळाली, असे प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सामन्यानंतर सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मी आदर करतो, पण मग प्रश्न त्या मागणीवरच येतो.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर आपण फिरकीचा असाच आखाडा तयार केला होता. आपले डाव १०५ आणि १०७ धावांत संपले आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावा देऊन सहा-सहा गडी बाद केले. ओकीफच्या संपूर्ण कारकिर्दीत अवघ्या नऊ कसोटी आहेत आणि त्याच्या ३५ बळींपैकी १२ या एका सामन्यातले आहेत. २०२३ मध्ये इंदूरला पहिल्याच दिवशी आपण १०९ धावांत गारद झालो. पाच बळी घेणारा मॅथ्यू कुनेमन तेव्हा आयुष्यातील दुसरी कसोटी खेळत होता. २०२४ मध्ये पुन्हा गहुंजे येथे मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि विराट कोहलीसारखा फलंदाज त्याच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला. वळणाच्या धास्तीने मनात इतके घर केले होते, की जो चेंडू जमिनीला लागलाच नाही तोही चुकला. त्यानंतर वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना आपण १२१ धावांत बाद झालो आणि मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने ११ बळी टिपले.

ही नावे एका ओळीत ठेवली, की चित्र स्पष्ट होते. चांगला फिरकी गोलंदाज आणि साधारण फिरकी गोलंदाज यांच्यातला फरक चांगल्या खेळपट्टीवर दिसतो. हवेत चेंडूला उंची देणे, वेग बदलणे, तासन् तास एका फलंदाजाभोवती जाळे विणणे ही आपल्या गोलंदाजांची शतकभराची कमाई आहे. खेळपट्टीच पहिल्या तासापासून भुसभुशीत करून दिली, तर ही कमाई आपण स्वतःच्या हाताने वाटून टाकतो.

याउलट २०१६ ची इंग्लंडविरुद्धची मालिका आठवावी. वानखेडेवर इंग्लंडने पहिल्या डावात ४०० धावा केल्या आणि तरीही ते एक डाव आणि ३६ धावांनी हरले, कारण आपण ६३१ धावा उभारल्या आणि अश्विनने सामन्यात १२ बळी मिळवले. चेन्नईत त्यांनी ४७७ धावा केल्या. आपण ७ बाद ७५९ वर डाव सोडला, त्यात करुण नायरच्या नाबाद ३०३ होत्या आणि शेवटच्या दिवशी जडेजाने सात गडी बाद करून पुन्हा डावाने विजय मिळवून दिला. त्या खेळपट्ट्यांवर फलंदाजाला धावा मिळत होत्या, चौथ्या-पाचव्या दिवशी चेंडू वळत होता आणि सरस संघ जिंकत होता. अगदी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीतही वेस्ट इंडिजने फॉलोऑननंतर ३९० धावा केल्या, आपल्या गोलंदाजांना घाम गाळावा लागला, पण पाचव्या दिवशी सात गडी राखून सामना आपणच जिंकला. काही जाणकारांनी त्या संथ खेळपट्टीवर टीका केली आणि पुढच्याच महिन्यात कोलकात्यात आपण दुसऱ्या टोकाला गेलो. मला दिल्लीचा विजय अधिक मोलाचा वाटतो, कारण तो गोलंदाजांनी मिळवला होता.

दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या त्याच मालिकेतील गुवाहाटीच्या कसोटीचा दाखला देऊन कोणी म्हणेल, की तिथे खेळपट्टी चांगलीच होती आणि तरी आपण ४०८ धावांनी हरलो. हा आक्षेप बरोबर आहे आणि माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग तिथूनच सुरू होतो. धावांच्या फरकाने पाहता तो भारताचा कसोटीतील सर्वांत मोठा पराभव. दक्षिण आफ्रिकेच्या ४८९ धावांना उत्तर देताना आपण २०१ धावांत संपलो. त्या डावात सर्वाधिक चेंडू खेळला तो कुलदीप यादव. त्याने १३४ चेंडूंत १९ धावा केल्या. आघाडीचे आणि मधल्या फळीतले फलंदाज मार्को यान्सनच्या उसळत्या चेंडूंवर एकामागून एक परतत असताना तळाचा एक गोलंदाज मात्र वाकून, सोडून, अंगावर घेऊन उभा राहिला. म्हणजे उभे राहणे शक्य होते. कोलकात्यात वॉशिंग्टन सुंदरला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले आणि गुवाहाटीत थेट आठव्यावर. ज्या फलंदाजाला आपली जागाच ठाऊक नाही, त्याने दिवसभर खेळून काढण्याची तयारी कशाच्या जोरावर करावी?

दिवसभर खेळून काढणारे फलंदाज आपल्याकडे नाहीत असे नाही. ते रणजी स्पर्धेत आहेत. २०२४-२५ च्या उपांत्य सामन्यात अहमदाबादला केरळने ४५७ धावांसाठी १८७ षटके फलंदाजी केली. गुजरात ती धावसंख्या ओलांडण्याच्या अगदी जवळ पोहोचला असताना शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू शॉर्ट लेगवर उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून वर उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. गुजरात ४५५ वर बाद झाला आणि सामना अनिर्णित राहिल्याने पहिल्या डावातील दोन धावांच्या आघाडीवर केरळ प्रथमच अंतिम फेरीत गेला. पाच दिवस एकेका धावेसाठी झगडणारे हे क्रिकेट किती जणांनी पाहिले असेल? नागपूरच्या अंतिम सामन्यातही ३७ धावांच्या आघाडीने विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या आणि त्याच हंगामात हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकीपटूने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा विक्रम मोडला. यश राठोडने ९६० धावा केल्या. मुंबईचे ४२ करंडक ज्या राज्यात आहेत, तिथे नागपूरने स्वतःच्या बळावर उभी केलेली ही परंपरा मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी आहे. १९४०-४१ नंतर रणजी करंडक न जिंकलेल्या महाराष्ट्राच्या संघाने तर तिचा अभ्यासच करावा.

ऑस्ट्रेलियात १-३ असे हरून आल्यानंतर, जानेवारी २०२५ मध्ये क्रिकेट मंडळाने राष्ट्रीय संघातील खेळाडूंना स्थानिक सामने खेळणे बंधनकारक केले. त्यानुसार रोहित शर्मा मुंबईकडून आणि कोहली दिल्लीकडून उतरला. दिल्लीच्या मैदानावर त्या दिवशी रणजी सामन्याला हजारोंची गर्दी लोटली, कोहली सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि गर्दी ओसरली. दोघेही फलंदाज त्या मे महिन्यात कसोटीतून निवृत्त झाले. नियम चांगला होता. तो वेळेवर आला असता तर अधिक उपयोगी पडला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गेल्या काही हंगामांत रणजी स्पर्धा दोन तुकड्यांत खेळवली जाते. पहिला भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुसरा जानेवारीच्या उत्तरार्धापासून आणि मधल्या दोन महिन्यांत सय्यद मुश्ताक अली व विजय हजारे या पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे मर्यादित षटकांच्या स्पर्धा. उत्तर भारतातील धुके टाळण्यासाठी हे केले जाते, हे कारण पटण्यासारखे आहे. मात्र ऑस्ट्रेलियाची मालिका ज्या काळात होणार, त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत आपल्या एकाही स्थानिक फलंदाजाला लाल चेंडूचा सामना मिळणार नाही, असा याचा अर्थ होतो. मालिकेच्या आधी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण आणि पश्चिम भारतात, जिथे धुक्याचा त्रास नाही, रणजीच्या किमान दोन फेऱ्या घ्याव्यात आणि कसोटी संघाच्या संभाव्य खेळाडूंनी त्या खेळाव्यात. एवढा बदल मंडळाला अवघड नाही.

पैशाचाही विचार व्हावा. रणजीत वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार रुपये मिळतात. आयपीएलमध्ये एका सामन्याचे मानधन साडेसात लाख रुपये आहे आणि कराराची रक्कम वेगळी. मी आयपीएलच्या विरोधात नाही. तिने लहान गावांतील अनेक मुलांची घरे उभी केली आहेत. पण एकोणीस वर्षांच्या मुलाने कोणता खेळ घोटवायचा हे या आकड्यांवरून ठरते आणि कसोटी खेळणाऱ्यांसाठी मंडळाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या प्रोत्साहन रकमेसारखी योजना रणजीतही यायला हवी.

स्थानिक क्रिकेटमध्ये मुरलेल्या माणसाची किंमत काय असते, हे २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या मैदानावर सर्वांनी पाहिले. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून एकही सामना न मिळालेल्या अमोल मुझुमदार यांच्या मार्गदर्शनाखाली महिला संघाने विश्वचषक जिंकला. पद्माकर शिवलकरांना ५८९ बळी घेऊनही कसोटीची टोपी मिळाली नाही आणि मार्च २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. आज रणजीत बळी घेणाऱ्या आणि धावा करणाऱ्या मुलांवर ती वेळ येऊ नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. तथापि माहितीचा अधिकार त्यात सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच राहिला, त्यामुळे क्रिकेट मंडळाला तो लागू होत नाही. निदान स्वतःहून मंडळाने एवढे जाहीर करावे, की कसोटीच्या खेळपट्टीबाबत क्युरेटरला, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याला, सूचना कोण देतो, किती दिवस आधी देतो आणि त्या सूचनांची लेखी नोंद राहते का. रणजी सामन्यांना मंडळ त्रयस्थ क्युरेटर पाठवते. तीच पद्धत मायदेशातील कसोटींना लावावी आणि संघव्यवस्थापनाने त्यात लक्ष घालू नये, अशी माझी मागणी आहे.

आपल्यालाही एक विनंती आहे. पूर्वी क्रीडा पानावर रणजी सामन्यांचे संपूर्ण धावफलक छापले जात. आता विजेत्याचे नाव आणि दोन ओळी येतात. पुढील हंगामापासून निदान मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघांचे धावफलक, षटके आणि चेंडूंच्या आकड्यांसह, पूर्ण छापावेत. कोण किती चेंडू टिकला हे वाचकांना दररोज कळले, तर निवड समितीला प्रश्न विचारणारे वाचकही वाढतील.

कळावे.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक